कॉर्नियाची जाडी, वय आणि बाई-पुरुष फरक : रिपोर्टमधला आकडा कसा वाचायचा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आईबाबांच्या डोळ्यांची तपासणी नुकतीच गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात झाली. आई ६१ वर्षांची, बाबा ६६. या वेळी दोघांच्याही फायलीत पॅकिमेट्रीचा, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजल्याचा, एक कागद आहे. आईचा उजवा डोळा ४९८, डावा ५०१. बाबांचे ५४१ आणि ५३८. पुढे मायक्रॉन लिहिलंय. डोळ्यातलं प्रेशर आईचं १७, बाबांचं १८, म्हणजे जवळपास सारखंच. तरी आईला फील्ड टेस्ट (कडेचं किती दिसतं ती तपासणी) आणि डोळ्याच्या नसेचा स्कॅन (ओसीटी) सांगितला आणि बाबांना "वर्षाने दाखवा" म्हणून मोकळं केलं. कारण विचारलं तर "त्यांचा कॉर्निया थोडा पातळ आहे" एवढंच कळलं. बाहेर गर्दी होती, जास्त विचारता आलं नाही.

आईने धसका घेतलाय. तिच्या डोक्यात बसलंय की वयामुळे डोळ्याची काच झिजत चालली आणि ती आता फुटणार. शेजारच्या काकूंनी त्यात भर घातली की बायकांची काच मुळातच नाजूक असते.

मी नेटवर शोधलं तर गोंधळ वाढलाच. एका ठिकाणी लिहिलंय की पुरुषांचा कॉर्निया जाड, दुसरीकडे बायकांचा जाड, तिसरीकडे काही फरकच नाही. वयाचंही तसंच. म्हणून धागा काढतेय. वय वाढलं की कॉर्निया खरंच पातळ होतो का? बाई असण्याचा त्यात काही भाग आहे का? आणि ४९८ हा आकडा घाबरण्यासारखा आहे का? इथे डोळ्यांच्या क्षेत्रातले काहीजण आहेत हे माहीत आहे, त्यांनी वेळ काढून लिहिलं तर मी सगळं प्रिंट काढून आईला वाचून दाखवीन.

भिंगवाला

ताई, आधी आईंना सांगा की काच फुटत नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, इंदिरानगरला बसतो, पॅकिमेट्री रोज करतो. त्यामुळे मोजणं म्हणजे काय ते मी सांगतो. आजाराचं डॉक्टर मंडळी सांगतील.

कॉर्निया म्हणजे बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सचे पाच-सहा कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढी. कडेला तो जाड होत जातो, तिथे ६५० ते ७०० मायक्रॉन सहज भरतो. १००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. रिपोर्टवर जो आकडा येतो तो मध्यभागाचा, त्याला सीसीटी म्हणतात. या जाडीतला जवळजवळ नऊ-दशांश भाग स्ट्रोमा नावाच्या थराचा आहे, त्यात कोलॅजनचे तंतू शिस्तीत रचलेले असतात. त्याच्या पुढे पाचेक पेशींच्या थरांची त्वचा आणि अगदी आतल्या बाजूला एकाच पेशीची जाडी असलेलं अस्तर, एंडोथेलियम. हे अस्तर रात्रंदिवस पाणी बाहेर उपसत असतं, म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो.

आता मोजायची पद्धत. अल्ट्रासाऊंड पॅकिमीटर असेल तर बधिर करणारा थेंब टाकून पेनासारखा प्रोब बुबुळाच्या मध्यावर टेकवतात. प्रोब जरा तिरका झाला किंवा मध्यापासून सरकला की आकडा जास्त येतो, म्हणून आम्ही बरेच रीडिंग घेतो आणि त्यातलं कमीत कमी धरतो. पेंटाकॅम किंवा ओसीटीवर काही टेकवावं लागत नाही, प्रकाशाने मोजतात. या यंत्रांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एकाच डोळ्यात यंत्र बदललं तर पाच-दहा मायक्रॉन इकडेतिकडे होणं रोजचं आहे, कधी त्याहून जास्तही. त्यामुळे मागच्या वर्षी एका दवाखान्यात ५१०, यंदा दुसरीकडे ४९८, म्हणजे १२ मायक्रॉन झिजले, असा हिशेब कोणी करू नये.

वेळेचाही फरक पडतो. झोपेत पापण्या बंद असल्याने कॉर्नियाला हवेतला ऑक्सिजन कमी मिळतो आणि तो थोडा फुगतो. उठल्या उठल्या तो तीन-चार टक्के जाड असतो, मग दोनेक तासांत उतरतो. अर्ध्या मिलिमीटरवर तीन-चार टक्के म्हणजे १५ ते २० मायक्रॉन! कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांतही सूज राहू शकते, म्हणून त्यांना तपासणीच्या आधी लेन्स काढून ठेवायला सांगतात.

आईंची तपासणी किती वाजता झाली, कोणत्या यंत्रावर झाली? कागदावर खाली लिहिलेलं असतं बघा.

गोदाकाठ

अल्ट्रासाऊंडच आहे, दुपारी साडेबाराला. दोघांचं एकाच यंत्रावर, एकामागून एक. एक राहिलं : आईच्या वडिलांना काचबिंदू होता. एका डोळ्याची नजर त्यात गेली होती. हे आम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं.

भिंगवाला

मग फील्ड टेस्ट का सांगितली याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. काचबिंदूत डोळ्याची नस खराब होते, म्हणून आईवडील किंवा भावंडांत तो असेल तर नस बघायचीच असते, जाडी काहीही असो.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवतो. पण या विषयातले लोकसंख्येवरचे अभ्यास वाचलेत, कारण घरात काचबिंदू आहे. तुम्हाला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी आहेत.

आपल्यासाठी सगळ्यात जवळचा अभ्यास नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये झाला. २००६ ते २००९ दरम्यानचा सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी. तीस वर्षांवरच्या ४७०० हून अधिक लोकांचे डोळे तपासले. कॉर्नियाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन, प्रमाण विचलन (सरासरीपासून माणसं साधारण किती दूर पसरलीत ते माप) ३३. त्यात तरुणांचा कॉर्निया म्हाताऱ्यांपेक्षा जाड आणि पुरुषांचा बायकांपेक्षा जाड. चेन्नईच्या अभ्यासातही सरासरी ५११ च्या आसपास, आणि तिथेही पुरुष पुढे, वयाबरोबर घट. म्हणजे भारतातल्या या दोन मोठ्या अभ्यासांचं एकमत दिसतं.

आता बाहेर चला. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात सरासरी ५३७, आणि ना वयाशी संबंध सापडला ना लिंगाशी. अमेरिकेतल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीमध्ये ज्यांचं प्रेशर वाढलेलं पण काचबिंदू झालेला नाही अशा लोकांची जाडी मोजली, तिथे तरुण वय आणि स्त्री असणं या दोन्ही गोष्टी जाड कॉर्नियाशी जोडलेल्या निघाल्या. म्हणजे बाई-पुरुषाच्या बाबतीत आपल्या अगदी उलट. २००० साली डाउटी आणि झमान यांनी तोवरच्या सुमारे ३०० नोंदी एकत्र केल्या, सरासरी ५३४ आली. त्यांचं निरीक्षण असं की गोऱ्या प्रौढांत वयाचा परिणाम दिसत नाही, इतर वंशांत मात्र वयाबरोबर जाडी कमी होत असावी.

यातून मी काय घेतो? एक तर लिंगाचा फरक सगळीकडे एकाच दिशेने जात नाही. शरीरात तो पक्का कोरलेला असता तर नागपुरात एक आणि अमेरिकेत दुसरं असं झालं नसतं. आणि जिथे फरक सापडला तिथेही तो किती? भारतीय अभ्यासांत मोजक्या मायक्रॉनचा, तर एका माणसात आणि दुसऱ्या माणसात ३३ मायक्रॉनचं विचलन. ५१४ च्या दोन्ही बाजूंना दोन विचलनं घेतली तर साधारण ४४८ ते ५८०. शंभरातले पंचाण्णव जण या पट्ट्यात येतात, त्यांतले बायका कोण आणि पुरुष कोण हे आकड्यावरून ओळखताच येणार नाही. हजारो लोक मोजले की चार-सहा मायक्रॉनचाही फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरतो. पण "कसोटीला उतरला" म्हणजे "एका माणसासाठी महत्त्वाचा" असं नाही, आणि ही गल्लत बातम्यांमध्ये सर्रास होते, त्याचं मला फार वाईट वाटतं. घाबरतात ते तुमच्या आईंसारखे लोक.

तुमच्या आईंचे ४९८ घ्या. ५१४ पासून १६ खाली, म्हणजे अर्धं विचलन. नागपूरच्या मापाने शंभरातल्या तीसेक लोकांचा कॉर्निया त्यांच्याहून पातळ असेल. त्यांच्या वयाच्या बायकांशीच तुलना केली तर त्या मध्याच्या आणखी जवळ येतील. बाबांचे ५४१ आपल्याकडे जाड बाजूला आहेत, वरच्या एक-चतुर्थांशात. दोघांतला ४३ मायक्रॉनचा फरक वयाने किंवा लिंगाने पडलेला नाही. वयाने तर बाबाच मोठे आहेत! तो जन्माचा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत कॉर्नियाची जाडी ही मोठ्या प्रमाणात आनुवंशिक निघाली आहे.

वयाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. यातले बहुतेक आकडे एकाच माणसाला तीस वर्षं मोजून आलेले नाहीत. एकाच वेळी चाळिशीतले, साठीतले, ऐंशीतले लोक मोजून त्यांची तुलना केली आहे. नागपूरच्या खेड्यातला २००७ चा ऐंशी वर्षांचा माणूस म्हणजे १९२७ च्या आसपास जन्मलेला. त्याचं बालपणाचं खाणं, उंची, वजन आजच्या चाळिशीतल्या माणसासारखं नव्हतं. त्या अभ्यासात वजन आणि उंचीच्या गुणोत्तराशीही जाडीचा संबंध दिसला होता. मग म्हाताऱ्यांचा कॉर्निया पातळ दिसतो तो वयाने झाला की त्या पिढीचा मुळातच तसा होता, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. वयाने थोडी घट होत असेलही. पण ती दशकाला काही मायक्रॉनची गोष्ट आहे. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवताना यात त्याहून जास्त फरक असतो, भिंगवाल्यांनी वर लिहिलंच आहे.

सिडकोकर

छान माहिती. पण मला एका ठिकाणी तक्ता मिळाला होता, त्यात जाडीप्रमाणे प्रेशरमध्ये बेरीज-वजाबाकी करायची असते. ५२० ला शून्य, त्याच्या खाली दर १० मायक्रॉनला साधारण पाऊण मिमी (पाऱ्याचे, प्रेशर त्यात मोजतात) मिळवायचे, वर असेल तर वजा करायचे. त्या हिशेबाने काकूंचं खरं प्रेशर १७ नसून साडेअठरा होतं. आणि काकांचं १८ चं साडेसोळा. म्हणून काकूंना टेस्ट सांगितली असणार. हे सरळ गणित डॉक्टर का सांगत नाहीत?

डोळसपणे

सिडकोकर, कारण ते गणित तितकं सरळ नाही. मी नेत्ररोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच प्रॅक्टिस करते.

प्रेशर मोजायची प्रमाण पद्धत गोल्डमन यांची, १९५० च्या दशकातली. निळ्या प्रकाशात डॉक्टर स्लिट लॅम्पवर छोटा शंकू बुबुळाला टेकवतात, तीच. ३.०६ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ सपाट करायला किती जोर लागतो त्यावरून आतला दाब काढतात. कॉर्निया जाड असेल तर सपाट करायला जास्त जोर लागतो, प्रेशर खोटं जास्त दिसतं. पातळ असेल तर कमी दिसतं. हवेचा झोत मारून मोजतात त्या मशिनवर हा परिणाम आणखी मोठा असतो, म्हणून शिबिरात हवेच्या मशिनवर २३ आलं तर लगेच काचबिंदू ठरवत नाही आणि १६ आलं तर लगेच निर्धास्तही होत नाही.

तुम्ही सांगितलेला तक्ता एहलर्स यांच्या १९७५ च्या कामातून आलेला आहे. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी डोळ्याच्या आत थेट दाब मोजून तुलना केली आणि साधारण ७० मायक्रॉनला ५ मिमी असं प्रमाण मांडलं. पण डाउटी-झमान यांच्या संकलनात निरोगी डोळ्यांत जाडी १० टक्क्यांनी बदलली तर दाबात फक्त १.१ मिमीच्या आसपास फरक निघाला. १० टक्के म्हणजे पन्नासेक मायक्रॉन. एहलर्सच्या हिशेबाने तिथे साडेतीनच्या वर यायला हवा होता. एवढी तफावत असलेल्या तक्त्यांपैकी कोणता धरायचा? जाडीबरोबर कॉर्नियाचा ताठपणाही मोजमापावर परिणाम करतो, आणि तो दोन सारख्या जाडीच्या डोळ्यांत वेगळा असतो. वयाचा खरा ठसा मला इथे जास्त दिसतो. कोलॅजनच्या तंतूंमध्ये वयाबरोबर जोडण्या वाढतात आणि कॉर्निया ताठ होत जातो. म्हणजे समजा साठीत जाडी थोडी कमी झाली तरी ताठपणा वाढलेला असतो, आणि दोन्हींचा प्रेशरवरचा परिणाम उलट दिशेला. तक्त्यात हे कुठे बसवणार? म्हणून एकेका पेशंटचं प्रेशर तक्त्याने दुरुस्त करू नये अशीच आजची शिकवण आहे. आम्ही पातळ, मध्यम, जाड असे ढोबळ गट मनात धरतो आणि नस बघतो.

पातळ कॉर्निया महत्त्वाचा का मानतात ते आता सांगते. आकडेमोड यांनी उल्लेख केलेल्या अमेरिकन अभ्यासाचा निकाल २००२ मध्ये आला. प्रेशर वाढलेल्या लोकांमध्ये कोणाला पुढे काचबिंदू होतो हे पाहिलं, तेव्हा जाडी ४० मायक्रॉनने कमी असेल तर धोका सुमारे ७१ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तोवर पॅकिमेट्री ही लेझरने नंबर काढणाऱ्यांची तपासणी होती. त्यानंतर ती काचबिंदूच्या प्रत्येक फायलीत आली.

पण त्याच अभ्यासातला ५५५ चा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा उचलतात, हे मला पटत नाही. तिथे ५५५ आणि त्याखालचे लोक पातळ गटात होते. आपली सरासरीच ५१४ आहे! तो निकष लावला तर नाशिकमधले बहुतेक लोक पातळ कॉर्नियाचे ठरतील. शिवाय तो अभ्यास २४ ते ३२ प्रेशर असलेल्या लोकांवरचा आहे. गोदाकाठताईंच्या आईंचं प्रेशर १७ आहे, त्या त्या गटात बसतच नाहीत.

मी त्यांच्या जागी असते तर मीही फील्ड आणि ओसीटी सांगितलं असतं, पण कारण क्रमाने असं लिहिलं असतं : वडिलांना काचबिंदू, वय साठीच्या पुढे, आणि कॉर्निया मध्यमापेक्षा किंचित पातळ असल्याने १७ वर पूर्ण विसंबू नये. बाई असणं या यादीत नाही.

मावशी_पंचवटी

डॉक्टरताई, बायकांच्या शरीरात पाळी, बाळंतपण, पाळी जाणं एवढे बदल होतात, त्याचा डोळ्यावर काहीच परिणाम नाही हे मनाला पटत नाही. माझ्या सुनेला सातव्या महिन्यात चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटत होता, लेन्सही टोचायला लागल्या होत्या.

डोळसपणे

मावशी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि परिणाम आहेच. कॉर्नियाच्या पेशींवर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचे रिसेप्टर आहेत. गरोदरपणात शरीरात पाणी धरून राहतं तसा कॉर्नियाही थोडा जाड होतो, त्याचा बाक किंचित बदलतो. त्यामुळे नंबर बदलल्यासारखा वाटतो आणि लेन्स सोसत नाहीत. बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजणं थांबल्यावर बहुतेकींचं पूर्ववत होतं. म्हणून त्या काळात नवा महागडा चष्मा करू नका आणि लेझरचं ऑपरेशन तर नाहीच, असं आम्ही सांगतो. पाळीच्या चक्रातही जाडीत लहान चढउतार मोजले गेले आहेत.

मी वर म्हणाले ते वेगळ्या अर्थाने. साठीच्या बाईचा कॉर्निया, ती बाई आहे म्हणून, काचबिंदूच्या दृष्टीने धोक्याचा ठरत नाही.

पाळी गेल्यावर बायकांत सर्वांत जास्त वाढते ती डोळ्यांची कोरड. जळजळ, वाळू गेल्यासारखं वाटणं. त्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं, स्वयंपाकघरातल्या धुरावर किंवा मोबाइलवर खापर फुटतं. कोरड्या डोळ्यांत कॉर्निया थोडा पातळ मोजला गेल्याचे अभ्यास आहेत. आईंना तसा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि पातळ म्हणजे वाईट, जाड म्हणजे चांगला, असंही नाही. फुक्स डिस्ट्रॉफी नावाचा आजार बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, बहुधा पन्नाशीनंतर. त्यात एंडोथेलियमच्या पेशी लवकर गळतात. या पेशी आपल्या शरीरात नव्याने फारशा तयार होत नाहीत. निरोगी माणसातही प्रौढ वयात त्या वर्षाला अर्ध्या-पाऊण टक्क्याने कमी होत जातात, तरी पुरून उरतात. फुक्समध्ये मात्र पाणी उपसणं कमी पडतं आणि कॉर्निया फुगतो. सकाळी उठल्यावर धूसर दिसणं आणि दुपारपर्यंत स्वच्छ होत जाणं, ही त्याची ठळक खूण. अशा डोळ्याची जाडी ६२०-६५० येऊ शकते, आणि तो जाडपणा पाण्याचा असतो, ताकदीचा नाही. सुजलेला कॉर्निया मऊ असल्याने त्यात प्रेशर उलट कमी दिसतं. सिडकोकर, तुमचा तक्ता इथे पूर्ण चुकीच्या दिशेला नेईल.

सिडकोकर

समजलं. तक्ता बाजूला ठेवला.

सातपूरकर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण जाडीचाच आहे. पंचविशीत लॅसिक (लेझरने चष्म्याचा नंबर काढायचं ऑपरेशन) केलं, नंबर उणे ५ होता. तेव्हाची जाडी ५४५ होती असं आठवतं. आता चाळिशी उलटली. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये प्रेशर १२ आलं, "एकदम उत्तम" असा शेरा मिळाला. हा धागा वाचून शंका आली.

भिंगवाला

शंका रास्त आहे सातपूरकर. लॅसिकमध्ये वरची झडप साधारण १०० ते १२० मायक्रॉनची उचलतात आणि खालचा स्ट्रोमा लेझरने कमी करतात. ६ मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबरला ढोबळ १२ मायक्रॉन जातात. उणे ५ म्हणजे ६०. तुमचा कॉर्निया आता ४८५ च्या आसपास असायला हवा. त्यावर झडप पूर्वीसारखी घट्ट बसत नाही, तीही ताकदीतून वजा. त्यामुळे तुमचं १२ हे मोजलेलं १२ आहे, खरं त्याहून जास्त असू शकतं. चेकअपमध्ये कोणी विचारलं का, लॅसिक झालंय का म्हणून?

सातपूरकर

नाही. आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही, डोळे चांगले चालले होते.

डोळसपणे

हे फार ठिकाणी होतं आणि याचीच मला खरी काळजी वाटते. पंचविशीत लेझर केलेली पिढी आता काचबिंदूच्या वयात येते आहे. बाहेरून डोळा अगदी साधा दिसतो, चष्मा नाही, तपासणाऱ्याला शंकाही येत नाही. आणि मूळचा मायनस नंबर हा स्वतःच काचबिंदूचा धोका वाढवणारा घटक आहे, तो ऑपरेशनने जात नाही. चष्मा गेला तरी डोळा मायनसवाल्याचाच राहतो.

सातपूरकर, जिथे ऑपरेशन झालं तिथून आधीचे कागद मिळवा : आधीची जाडी, आधीचा नंबर, कॉर्नियाचा आधीचा बाक आणि आधीचं प्रेशर. दवाखाने जुनी रेकॉर्ड कायमची ठेवत नाहीत, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू असं करू नका. पुढे मोतीबिंदूच्या वेळीही आतली लेन्स किती नंबरची बसवायची हे काढताना या कागदांचा उपयोग होतो. आणि एकदा नसेची तपासणी करून घ्या.

द्राक्षबाग

मी पिंपळगाव बसवंतकडचा. वाचत होतो गुपचूप. माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. बागेत गंधकाची धुरळणी असली की त्याचे डोळे लाल होतात, खाजतात, सारखा चोळतो. मेडिकलमधून थेंब आणून टाकतो, दोन दिवस बरं वाटतं. चष्मा आहे, दर सहा महिन्यांनी नंबर बदलतो, विशेषतः तो तिरका नंबर. जाडी वयाने कमी होते म्हणता, मग पोराची काळजी नाही ना?

डोळसपणे

दादा, या सगळ्या धाग्यात मला सर्वांत घाई तुमच्या मुलाची वाटते. पुढचं नीट वाचा आणि तपासणी या आठवड्यातच करा.

वयाने होणारी जाडीतली संथ घट आणि या वयातला पातळपणा या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया कमकुवत होऊन एका जागी पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. तो सुरू होतो तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत, आणि जितका लहान वयात तितका वेगाने वाढतो. तिरका नंबर झपाट्याने बदलणं ही त्याची पहिली खूण, आणि डोळे चोळणं हे त्याला वाढवणारं मोठं कारण. चाळिशीकडे कॉर्निया आपोआप ताठ होत जातो तेव्हा तो बहुधा थांबतो, पण तोवर नजर बरीच गेलेली असते.

मुलाची कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे सगळ्या कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी, करा. नुसती मध्यभागाची पॅकिमेट्री इथे पुरत नाही, कारण सर्वांत पातळ जागा बहुतेकदा मध्यापासून जरा खाली असते. मध्याला ५०० येईल आणि खाली ४५० असेल. केराटोकोनस निघालाच तर क्रॉसलिंकिंग नावाचा उपचार आहे, लोक त्याला सी-थ्री-आर म्हणतात. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कोलॅजनच्या जोडण्या वाढवतात. वय जे हळूहळू करतं ते अर्ध्या-एक तासात करून घ्यायचं. नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी कॉर्निया निदान ४०० मायक्रॉन शिल्लक असावा लागतो. त्याच्या खाली गेला की मार्ग कमी होतात, म्हणून घाई.

मेडिकलमधले थेंब आजपासून बंद करा. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. खाज पटकन थांबते म्हणून लोक महिनोन्महिने टाकतात आणि प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. ॲलर्जीसाठी सुरक्षित थेंब आहेत, ते तपासून लिहून घ्या. तोवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, धुरळणीच्या वेळी बागेत पाठवू नका. पाठवावंच लागलं तर बाजू बंद असलेला गॉगल घालायला द्या. चोळू देऊ नका.

द्राक्षबाग

बाटलीवर डेक्सामेथासोनच लिहिलंय. दुकानातून आणली होती, चिठ्ठी नव्हती. उद्या मुलाला घेऊन नाशिकला येतो. सिव्हिलला ही टोपोग्राफी होईल का?

डोळसपणे

सिव्हिलच्या नेत्र विभागात आधी दाखवा. तिथे नंबर, प्रेशर आणि नस तपासतील, आणि टोपोग्राफी कुठे करायची ते चिठ्ठीवर लिहून देतील. बाटली बरोबर घेऊन जा, आणि किती काळ टाकतोय ते न लपवता सांगा. मागच्या चष्म्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या पण न्या, नंबर किती वेगाने बदलला ते त्यांवरूनच कळेल.

निफाडचा_मास्तर

द्राक्षबाग, पानाचा किंवा काडीचा फटका डोळ्याला बसला तरी हेच थेंब टाकतात आपल्याकडे. आमच्या गावात एकाची बुरशीची जखम त्याने चिघळली आणि बुबुळावर पांढरा डाग कायमचा राहिला. छाटणीच्या दिवसांत गावात हे सगळ्यांना सांगायला हवं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. "माझ्याहून पातळ शंभरात तीस" हे ऐकून ती बरीच सावरली. फील्ड आणि ओसीटी झालं, दोन्ही नॉर्मल आहे. वडिलांच्या इतिहासामुळे दर वर्षी दाखवायला सांगितलंय. एकच शेवटचं विचारते, पॅकिमेट्री पण दर वर्षी करायची का? आणि मी ३४ वर्षांची आहे, आजोबांमुळे मीही तपासून घेऊ का?

भिंगवाला

दर वर्षी नको ताई. प्रौढ माणसाची जाडी एकदा नीट मोजली की पुरते, ती वर्षावर्षाला बदलत नाही. पुन्हा मोजायची ती डोळ्याचं ऑपरेशन झालं, सूज आली किंवा केराटोकोनससारखा आजार असला तर. आहे तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून फायलीच्या पहिल्या पानावर लावा, म्हणजे दवाखाना बदलला तरी बरोबर जाईल.

डोळसपणे

आणि हो, तुम्हीही या. काचबिंदू आजोबांना होता, आईला अजून नाही, तरी चाळिशीची वाट न बघता एकदा नस आणि प्रेशर बघून ठेवलेलं चांगलं. तुमच्या मामा-मावशींनाही सांगा, त्यांचा धोका आईइतकाच आहे, आणि त्यांच्यापैकी कोणी तपासलंय का ते आधी विचारा.

गोदाकाठ

दोन मामा ओझरला आहेत, एकानेही कधी प्रेशर मोजलेलं नाही. आत्ताच फोन केला, रविवारी आई स्वतः जाऊन त्यांना तयार करणार आहे.